नगरसेवक व्हायचंय? आधी व्हॉल्व्हमनला भेट

प्रश्न असा आलाय: ‘माझं वय 23. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं पुण्यात साइटवर होतो, आता घरी परत आलोय. आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, गटारी तुंबलेल्या असतात आणि डिसेंबरात निवडून आलेले दोन्ही नगरसेवक फोन उचलत नाहीत. पुढच्या वेळी अपक्ष उभं राहायचं म्हणतोय. घरात राजकारण कोणी केलेलं नाही, पैसाही नाही. एवढ्या लहान वयाच्या माणसाला लोक मत देतील का? सुरुवात कुठून करू?’

भाऊ, मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग पालिकेत दोन टर्म नगरसेविका होते, 2011 पासून 2021 पर्यंत. त्याआधी एकदा 17 मतांनी पडले. म्हणजे पडायचं कसं हेही मला माहीत आहे.

वयाचं आधी संपवून टाकते. आमदारकीला 25 लागतात, पालिकेला 21 पुरतात, आणि ही सोय राज्यघटनेतच आहे. लोकांना वयाचं काही वाटत नाही. त्यांना वेगळंच विचारायचं असतं. मी पहिल्यांदा प्रचाराला गेले तेव्हा ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या एका आजीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘कोनी सून शे वं तू?’ तुला विचारतील, ‘कोना पोऱ्या शे?’ याचं उत्तर आडनाव सांगून देता येतं, तसं कामानंही देता येतं. ‘अरे, तो नाही का, ज्यानं आपल्या गल्लीतलं चेंबर बदलवलं, तो.’ तुझ्या घरात राजकारण नाही म्हणतोस, तर तुला दुसरंच उत्तर कमवावं लागेल. हाताशी जवळजवळ पाच वर्षं आहेत. रग्गड झाली.

आता पाण्याचं. आठव्या दिवशी पाणी येतं म्हणतोस. का येतं? तू म्हणशील पालिका नालायक आहे म्हणून. मीही असंच म्हणायचे. पहिल्या टर्ममध्ये सभेत टेबलावर रिकामी घागर आपटली होती, पेपरात फोटो आला, सासूबाईंनी कात्रण जपून ठेवलं. पाणी होतं तसंच येत राहिलं.

मग एकदा एप्रिलात रात्री तीन वाजता व्हॉल्व्हमनबरोबर फिरले. नवऱ्याची स्कूटर, हातात बॅटरी. टाकी भरेपर्यंत आम्ही टाकीखालीच बसून होतो. त्यानं घरून थर्मासमध्ये चहा आणलेला. मग ती लांब दांड्याची चावी घेऊन तो पहिल्या चेंबरात उतरला, झाकणावरची माती बाजूला केली आणि मोजत आटे फिरवायला लागला. सगळे मिळून 18 आटे होते. त्यानं 11 वर थांबवलं. मी म्हटलं, पूर्ण का नाही उघडत? तो म्हणाला, ‘ताई, पूर्ण उघडला तर पुढच्या चौकातला जुना जोड उखडतो. मागं एकदा उखडला होता, लोक मला मारायला आले होते.’ म्हणजे एका जोडापायी अख्ख्या लाइनीला दाब कमी मिळत होता. वरच्या अंगाला लोकांनी थेट नळाला मोटारी लावलेल्या, ते होतं नव्हतं ते ओढून घ्यायचे, आणि शेवटच्या दोन गल्ल्यांना नळातून नुसती हवा. त्या गल्ल्या माझ्याच प्रभागात होत्या.

तो जोड बदलायला किती खर्च आला असेल? पालिकेच्या हिशेबात चिल्लर. पण चार वर्षं कोणी मागितलाच नव्हता, कारण अडचण कुठे आहे हे फक्त त्या एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. जोड बदलला, आणि उलटी पाळी लावली: आधी शेवटच्या गल्ल्या, मग वरच्या. आपल्या पांझरा नदीकाठच्या फड बागायतीत, म्हणजे गावानं मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीत, पाटकऱ्याला जे कळत होतं, की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवणं हीच खरी वाटणी, ते आपल्या शहरातल्या नळांना लावायला मला तीन वर्षं लागली. पाणी तेवढंच होतं. दिवसही तेवढेच राहिले, कारण तो धरणाचा आणि पंपिंगचा प्रश्न होता. पण शेपटाकडच्या घरांना त्या दिवशी हंडाभर तरी पाणी मिळायला लागलं, आणि पुढच्या निवडणुकीत त्या दोन गल्ल्यांत माझी चिठ्ठीसुद्धा वाटावी लागली नाही.

तू सिव्हिलचा आहेस. तुला तर हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. टाकीची क्षमता किती, लाइन किती इंची, कुठे जुनं सिमेंटचं पाइप आहे, कुठे नवीन टाकलंय, रोटेशन कसं लावतात, वीज गेली तर कोणत्या भागाचं पाणी हुकतं, एवढं एका वहीत लिहून काढ. निवडणुकीचा ‘न’ही तोंडातून काढू नकोस. पाणी, गटारी सुधारायच्यात ना, मग एकच काम धर आणि त्याची फाइल शेवटच्या बिलापर्यंत पाठलाग करून बघ. पद नसताना तुला ते जमलं तरच पदाचा काही उपयोग होईल. नाही जमलं, त्यात रस वाटला नाही, तर उभा राहू नकोस. मी हे रागानं सांगत नाही. माझ्याबरोबर निवडून आलेली चांगली शिकलेली चार पोरं सहा महिन्यांत कंटाळली आणि पुढची साडेचार वर्षं फक्त लग्नांना हजेरी लावत होती.

फाइल कशी चालते तेही ऐक. अभियंता अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मंजुरी लागते, मग प्रशासकीय मंजुरी, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग बिल. प्रत्येक टप्प्यावर फाइल झोपू शकते. कुठे झोपली हे ओळखता आलं पाहिजे. ‘निधी नाही’ हे उत्तर तुला शंभरदा मिळेल. त्यावर विचारायचं, कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे बजेटच्या कोणत्या खात्यात, नाही? वित्त आयोगाच्या पैशाचा एक भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो, तो रस्त्याला वापरता येत नाही. राज्याच्या नगरोत्थान योजनेचा पैसा वेगळा, जिल्हा नियोजनचा वेगळा, दलित वस्तीचा वेगळा. पालिकेचा स्वतःचा म्हणावा असा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. जकात गेल्यापासून पगारसुद्धा बराचसा सरकारी अनुदानावर चालतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 विषय लिहिलेत. विषय 18 आणि चावी मुंबईत.

आणि नगरसेवकाच्या हातात काय असतं? लोकांना वाटतं तेवढं नसतं. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. तू कोणत्याही कर्मचाऱ्याला थेट हुकूम देऊ शकत नाहीस. तुझ्या हातात असतो ठराव. तोही बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. म्हणून ठराव कसा लिहिला जातो याला फार महत्त्व. सभेत तू अर्धा तास बोललास आणि इतिवृत्तात ‘विषयावर चर्चा झाली’ एवढंच आलं तर तू बोललाच नाहीस असं समज. कोणत्या गल्लीत, किती लांबीची, कोणत्या निधीतून, कधीपर्यंत, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सगळं त्यात आलं पाहिजे. मी दुसऱ्या टर्ममध्ये ठरावाचा मसुदा घरूनच टाइप करून न्यायचे. सभा लिपिक खूश, त्याचं काम वाचायचं.

एक सांगते, हे तुला कोणी सांगणार नाही. विषयपत्रिकेवरचे पहिले दहा-बारा विषय वाच, पण जागा राहा शेवटच्यासाठी: ‘ऐनवेळी येणारे विषय’. तोपर्यंत निम्मे सभासद चहाला उठलेले असतात, दुपारचा दीड वाजलेला असतो, कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं आणि सभा संपते. शहरातली कितीतरी महागडी कामं त्या दहा मिनिटांत निघून जातात. पहिल्या टर्ममध्ये एकदा मीही ‘मंजूर’ म्हणाले होते. काय मंजूर केलं ते दोन महिन्यांनी कळलं: एका मोकळ्या भूखंडाची भाडेपट्टी. माझी सही होती. आजही त्या कोपऱ्यावरून जाताना मान खाली जाते.

तर नगरसेवक नसतानाच इतिवृत्त वाचायची सवय लाव. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात माग: साधा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, 30 दिवस. पण सगळ्यात आधी साधं जाऊन बसून माग, चहा पी, ओळख कर. पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्याला पालिकेत एक नाव पडतं, आणि ते नाव पाच वर्षं पुसलं जात नाही.

आता निवडणुकीचं.

तुझ्या वयाच्या पोरांची एक गंमत आहे. तू 18 चा झालास आणि थोड्याच दिवसांत आमची मुदत संपली. मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना, मग आणखी काही, आणि चार वर्षं प्रशासक. 2 डिसेंबर 2025 ला तू पालिकेसाठी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं असशील. प्रचार कसा चालतो हे तू फार जवळून पाहिलेलं नाहीस, म्हणून थोडं खोलात जाते.

पालिकेत सध्या एका प्रभागातून साधारण दोन नगरसेवक, शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे मतदाराला तीन मतं द्यायची असतात. अपक्षाला इथंच फटका बसतो. पक्षाचं पॅनल सांगतं, ‘तिन्ही ठिकाणी हेच चिन्ह.’ म्हातारीच्या लक्षात राहतं. तुला मात्र सांगावं लागतं की, ‘मावशी, अ जागेवर कोणालाही दे, ब जागेवर माझं चिन्ह बघ.’ आणि तुझं चिन्ह ठरतं मतदानाला थोडे दिवस राहिले असताना. ते चिन्ह घरोघर पोचवायला तुझ्याकडे माणसं हवीत. सगळी मतं दिल्याशिवाय मशीन शेवटचा लांब आवाज देत नाही; एक बटण दाबून निघालेल्या बाईला केंद्रातले लोक परत बोलावतात, ती गोंधळते आणि हाताला येईल ते बटण दाबते. माझी 17 मतं अशाच कुठल्यातरी गोंधळात गेली असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. खरं कारण ‘यादी’ होतं.

यादी म्हणजे मतदारयादी. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची करतात. फोडताना गल्लीच्या गल्ली शेजारच्या प्रभागात जाते. प्रारूप यादी लागते, हरकतीला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत जो पालिकेच्या फलकासमोर उभा राहून नावं तपासतो तो अर्धी निवडणूक तिथंच लढतो. माझ्या पहिल्या निवडणुकीत आमच्या मागच्या वाड्यातली सगळी घरं पलीकडे गेली होती. मला कळलं मतदानाच्या दिवशी सकाळी नऊला. ती माणसं मला मत द्यायला आली होती रे! माझं बटणच त्यांच्या मशीनवर नव्हतं.

म्हणून आतापासून वहीचा दुसरा भाग कर. गल्लीवार घरं लिही. कोण वारलं, कोणती पोरगी लग्न होऊन सुरतला गेली, कोण कंपनीच्या कामाला पुण्यात आहे पण नाव इथं आहे, कोणाचं नाव दोनदा आहे. 18 पूर्ण होणाऱ्या पोरांचे फॉर्म भरून दे. हे काम करताना प्रत्येक घराचा उंबरा तू पाच वर्षांत चार-पाचदा ओलांडशील, मत न मागता. आखाजीला जा, कानबाईच्या रोटाला बोलावलं तर जाच. जेवायला बस म्हटलं तर बस. ‘पाच वरीसमा एकदाव येतस’ असं म्हणायची संधी त्यांना द्यायची नाही.

पैसा नाही म्हणालास, तर खर्चाचंही ऐक. राज्य निवडणूक आयोगानं 2025 ला ठरवलेली खर्चाची मर्यादा ‘ब’ वर्ग पालिकेत सदस्यासाठी साडेतीन लाख होती, ‘क’ वर्गात अडीच लाख. तुझी पालिका कोणत्या वर्गात ते बघ. 40 हजार ते एक लाख लोकसंख्या म्हणजे ‘ब’. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात काय होतं ते तू डोळ्यांनी पाहिलंच असशील. आपल्याकडे निवडणूक डिसेंबरात आली की तो नेमका भरताचा सीझन. शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, आणि बिल कोणाच्या नावावर फाटतं हे ज्याचं त्याला ठाऊक. शेवटच्या दोन रात्री पाकिटं फिरतात. हे होत नाही असं मी तुला सांगणार नाही, आणि तूही कर असंही सांगणार नाही. मी पाहिलंय ते एवढंच: पाकीट दोघांकडून घेणारा मतदार मत तिसऱ्याला देऊ शकतो, पण तो तिसरा त्याच्या ओळखीचा असावा लागतो. पैशाच्या स्पर्धेत उतरलास तर तू पहिल्याच दिवशी हरलास, कारण समोरच्याला ते पैसे पुढं बिलांतून वसूल करायचे असतात. तुला कुठून करायचेत?

मी दुसऱ्या निवडणुकीत काय खर्च केला? पत्रकं, एक रिक्षा, बूथवर बसणाऱ्या पोरांचा नाश्ता-जेवण, यादीच्या झेरॉक्स. झेरॉक्सच सगळ्यात महाग पडल्या. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघड आणि रोजचा हिशेब रोज लिही. चहाचा कप, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं, त्या दरानं लिही. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावाच लागतो, पडलास तरी. पडलेले कितीतरी जण रुसून घरी बसतात, हिशेब देत नाहीत आणि आयोगाकडून अपात्र ठरू शकतात. मग पुढच्या वेळचं दारही बंद होऊ शकतं.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. शहराच्या यादीत नाव असलं की कोणत्याही प्रभागातून उभं राहता येतं. पालिकेची थकबाकी नको, घरचा शौचालयाचा दाखला लागेल, पालिकेच्या कोणत्याही ठेक्यात तुझा हिस्सा नको. तू साइटवर काम केलंयस म्हणून मुद्दाम सांगते: ओळखीचा ठेकेदार म्हणेल, ‘ये, पालिकेच्या कामावर सबठेका घे.’ तो घेतलास की नगरसेवकपद विसर. घराचं बांधकामही परवानगीशिवाय वाढवलेलं असेल तर आत्ताच नियमित करून घे. विरोधकांची नजर आधी तिथंच जाते. राखीव जागेवरून लढायचं झालं तर जात वैधतेचं प्रकरण आजच समितीकडे टाक, निवडणुकीच्या तोंडावर तिथं धक्काबुक्की असते. आणि अर्ज शेवटच्या दिवशी भरायला जाऊ नकोस. दुपारी तीनला दार लागतं म्हणजे लागतं. दोन वाजून पन्नास मिनिटांनी सूचकाची सही राहिली म्हणून पळणारा माणूस मी पाहिलाय, चप्पल हातात घेऊन.

आता कडू गोष्ट. तू पाच वर्षं तुझ्या प्रभागात घाम गाळशील आणि सोडतीत जागा निघेल महिलेसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, 2011 पासून. मी त्या आरक्षणामुळेच आले, म्हणून मला त्याची तक्रार नाही. पण तेव्हा तुझ्यासारखी पोरं काय करतात, तर आईला नाहीतर वहिनीला उभं करतात आणि स्वतः ‘नगरसेवक’ लिहिलेली गाडी फिरवतात. माझ्या पहिल्या वर्षी मुख्याधिकारी माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचे. नवरा बिचारा मला सोडायला आलेला असायचा! एकदा मी त्याला सांगितलं, तू खाली टपरीवर थांब. साहेबांना तेव्हापासून माझ्याकडे बघायला लागलं. तुझ्यावर ती वेळ आली तर आईला उभं करू नकोस असं नाही म्हणत. उभं केलंस तर वही तिच्या हातात दे. नाहीतर दोन जागांपैकी दुसरी मोकळी आहे का बघ, नाहीतर शेजारच्या प्रभागात जा. तिथं तुझी वही कामाला येणार नाही, पण व्हॉल्व्हमन तोच असेल.

अपक्ष की पक्ष? याचं उत्तर आत्ता द्यायची गरज नाही. अपक्ष निवडून आलेला माणूस सभागृहात एकटा पडतो, त्याच्या ठरावाला अनुमोदक शोधावा लागतो. पक्षाचा माणूस निवांत असतो, पण व्हिप आला की हात वर करावा लागतो. मी दोन्ही केलंय. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, कोणाला मिळणार हे आपल्याकडे शेवटच्या रात्री ठरतं आणि तेव्हा बघतात ते एवढंच, की हा स्वतःच्या जिवावर किती मतं आणेल. तुझ्याकडे भरलेली वही असेल तर तेच तुझ्या दारी येतील. तेव्हा ठरव.

येत्या आठवड्यात एवढंच कर. तुझ्या भागाची पाण्याची पाळी कधी आहे ते बघ, रात्री गजर लाव, आणि व्हॉल्व्हमन चेंबर उघडतो तिथं जाऊन उभा राहा. जाताना दोन कप चहा ने. सरळ विचार, ‘दादा, हा किती आट्यांचा आहे, आणि किती उघडता?’ तो आधी तुला पालिकेनं पाठवलेला समजेल आणि खोटं सांगेल. दुसऱ्या पाळीला परत जा.